अमेरिकन महिला खुली गॉल्फ अजिंक्यपद स्पर्धा

अमेरिकन महिला खुली गॉल्फ अजिंक्यपद स्पर्धा : महिलांच्या धंदेवाईक गॉल्फमधील एक प्रमुख वार्षिक स्पर्धा. ती १९४६ पासून दरवर्षी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) भरविली जाते. महिलांच्या गॉल्फमध्ये ज्या पाच स्पर्धांना आज ‘मेजर’ म्हणजे श्रेष्ठ दर्जाच्या स्पर्धा मानतात, त्यांत ही सर्वांत जुनी असून तिची पारितोषिकाची रक्कमही फार मोठी असते. १९५३ पासून तिचे संचालन यूनायटेड स्टेट्स गॉल्फ असोसिएशन (यूएसजीए) ही संस्था करीत आली आहे. पुरुषांची अमेरिकन खुली स्पर्धा १८९५ मध्ये सुरू झाली. तिच्या तुलनेने महिलांची स्पर्धा अर्ध्या शतकाने धाकटी आहे आणि हे अंतर केवळ योगायोगाचे नाही. धंदेवाईक खेळाडू म्हणून उपजीविका करणारी स्त्री ही कल्पनाच दुसऱ्या महायुद्धापूर्वी अमेरिकन समाजात फारशी रुजलेली नव्हती. श्रीमंत क्लबांतील स्त्रिया गॉल्फ खेळत. परंतु त्या हौशी म्हणून खेळत व पैशासाठी खेळणे कमीपणाचे समजत.

‘खुली’ ह्या शब्दाचा येथील अर्थ विशिष्ट आहे. धंदेवाईक व हौशी अशा दोन्ही प्रकारच्या खेळाडूंना, त्या कोणत्याही देशाच्या असोत, ह्या स्पर्धेत भाग घेता येतो. हौशी खेळाडूचा ‘हँडिकॅप’ म्हणजे तिच्या खेळाची पातळी दर्शविणारा अंक ठराविक मर्यादेच्या आत असला पाहिजे, एवढीच अट असते. पूर्वीच्या विजेत्या व क्रमवारीतील वरच्या खेळाडू यांना थेट प्रवेश मिळतो. इतरांना निरनिराळ्या ठिकाणी एकाच दिवशी ३६ होलांची पात्रता फेरी खेळावी लागते. २०२३ च्या स्पर्धेसाठी २,१०७ प्रवेशअर्ज आले होते; त्यांतून मुख्य स्पर्धेत १५६ खेळाडू उतरल्या. वयाची अट नसल्यामुळे शाळकरी मुलीही कधीकधी पात्र ठरतात. २०१४ मध्ये लूसी ली ही अवघ्या अकरा वर्षांची मुलगी पात्रता फेरीतून मुख्य स्पर्धेत आली होती.

मुख्य स्पर्धा चार दिवस चालते. रोज १८ होलांची एक फेरी याप्रमाणे एकूण ७२ होल खेळले जातात आणि जिचे एकूण टोले सर्वांत कमी, ती विजेती ठरते. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर आघाडीच्या साठ खेळाडू व साठाव्या क्रमांकाशी बरोबरी साधणाऱ्या खेळाडू एवढ्यांनाच पुढे खेळण्यास मिळते. बाकीच्या बाद होतात. प्रत्येक होलासाठी कुशल खेळाडूस किती टोले लागावेत याचा अंक ठरलेला असतो; त्यास ‘पार’ म्हणतात [⟶ गॉल्फ]. यूएसजीएच्या स्पर्धांचे वैशिष्ट्य असे, की त्यांत मैदान मुद्दाम कठीण करून ठेवलेले असते. चेंडू मारण्याचा मार्ग अरुंद, त्याच्या कडेचे गवत उंच व दाट आणि होलाभोवतीची हिरवळ टणक व वेगवान असते. त्यामुळे इतर स्पर्धांत पारपेक्षा वीस टोले कमी घेऊन जिंकणाऱ्या खेळाडूसही येथे पारच्या जवळपास राहणे कष्टाचे होते. स्पर्धेच्या आरंभीच्या काळात तर विजेतीसुद्धा अनेकदा पारपेक्षा जास्त टोले घेत असे.

इतिहास : १९४४ मध्ये होप सिग्नियस, बेट्टी हिक्स व एलन ग्रिफिन यांनी ‘विमेन्स प्रोफेशनल गॉल्फ असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. तिने पहिली महिला खुली स्पर्धा १९४६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील स्पोकॅन येथे भरविली. पारितोषिकांसाठी लागणारे १९,७०० डॉलर ‘स्पोकॅन ॲथलेटिक राउंड टेबल’ या पुरुषांच्या स्थानिक मंडळाने दिले. नाणी टाकून खेळावयाच्या जुगारी यंत्रांच्या उत्पन्नातून ही रक्कम उभी राहिली होती. विजेतीला रोख रक्कम न देता युद्ध कर्जरोखे देण्यात आले. महिलांच्या धंदेवाईक गॉल्फला पहिला भरीव आधार मिळाला तो अशा अनपेक्षित ठिकाणाहून. पॅटी बर्ग (१९१८–२००६) हिने अंतिम सामन्यात बेट्टी जेम्सन (१९१९–२००९) हिचा पराभव केला. ही स्पर्धा सामनापद्धतीने, म्हणजे दोघींनी समोरासमोर एकेक होल जिंकण्याच्या पद्धतीने, खेळली गेली. पुढील वर्षापासून टोले मोजण्याची पद्धत अवलंबिण्यात आली व तीच कायम राहिली. १९४७ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्झबरो येथे जेम्सन विजयी झाली. ७२ होलांच्या स्पर्धेत तिने २९५ टोले घेतले. तीनशेच्या आत येणारी ती पहिली महिला खेळाडू होय.

ती पहिली संस्था फार काळ टिकली नाही. तिच्या जागी ‘लेडीज प्रोफेशनल गॉल्फ असोसिएशन’ (एलपीजीए) ही संघटना आली. १९५० मध्ये कॅन्झस राज्यातील विचिटा येथे खुली स्पर्धा चालू असतानाच तिच्या स्थापनेची औपचारिक पूर्तता झाली. संस्थापक खेळाडू तेरा होत्या. बर्ग ही पहिली अध्यक्षा झाली. ह्या स्त्रियांनी संघटनेची जवळजवळ सर्व कामे स्वतःच केली. त्या एका गावाहून दुसऱ्या गावी आपल्या मोटारगाड्यांतून जात, मैदानाची आखणी करीत, नियमांचे वाद मिटवीत, वार्ताहरांना माहिती देत, हिशेब ठेवीत आणि मग खेळायला उभ्या राहत. राष्ट्रीय दर्जाची स्पर्धा चालविणे हे मात्र त्यांच्या शक्तीपलीकडचे काम होते. म्हणून त्यांनी १९५३ मध्ये ती यूएसजीएकडे सोपविली. त्या वर्षी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे केवळ ३७ खेळाडू खेळल्या. एकूण पारितोषिके ७,५०० डॉलरची होती आणि विजेत्या बेट्सी रॉल्झ (१९२८–२०२३) हिला २,००० डॉलर मिळाले. त्याच वर्षी पुरुषांची खुली स्पर्धा जिंकणाऱ्या बेन होगनला ५,००० डॉलर मिळाले होते.

पहिल्या दशकात स्पर्धेकडे लोकांचे लक्ष वेधण्याचे श्रेय प्रामुख्याने बेब झहाराइअस (१९११–५६) हिच्याकडे जाते. टेक्सस राज्यातील पोर्ट आर्थर येथे जन्मलेल्या या खेळाडूने १९३२ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकमध्ये भालाफेक व ८० मी. अडथळ्यांची शर्यत यांत सुवर्णपदके आणि उंच उडीत रौप्यपदक मिळविले होते. नंतर ती गॉल्फकडे वळली. १९३५ मध्ये यूएसजीएने तिला हौशी खेळाडू मानण्यास नकार दिला. १९४३ मध्ये तिला तो दर्जा परत मिळाला. धंदेवाईक झाल्यावर तिने १९४८ व १९५० ची खुली स्पर्धा जिंकली. १९४९ मध्ये मात्र लुईझ सग्ज (१९२३–२०१५) हिने तिला चौदा टोल्यांनी मागे टाकले होते. दोघींचे फारसे सख्य नव्हते, हे त्या काळी सर्वज्ञात होते.

एप्रिल १९५३ मध्ये बेब झहाराइअसवर कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. आतड्याचा रोगग्रस्त भाग काढून पोटावर कृत्रिम मार्ग ठेवण्यात आला. ती पुन्हा स्पर्धात्मक खेळ खेळेल असे तेव्हा कुणास वाटले नव्हते. कर्करोग हा शब्द उघडपणे उच्चारण्याचाही संकोच असणाऱ्या त्या काळात तिने आपला आजार लपविला नाही. काही महिन्यांतच ती मैदानावर परतली आणि जुलै १९५४ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यातील पीबडी येथील सेलम कंट्री क्लबच्या मैदानावर तिने तिसऱ्यांदा खुली स्पर्धा जिंकली. त्या वेळी शेवटच्या दोन फेऱ्या एकाच दिवशी खेळाव्या लागत. म्हणजे एका दिवसात ३६ होलांची पायपीट होई. तीही तिने पार पाडली. तिचे टोले २९१ होते आणि दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा ते बाराने कमी होते. वयाला त्रेचाळीस वर्षे पूर्ण होऊन सातच दिवस झाले होते. एवढ्या वयात ही स्पर्धा त्यानंतर कोणीही जिंकलेली नाही. शेवटच्या दिवशी तिच्याबरोबर खेळणारी एकोणीस वर्षांची हौशी मुलगी म्हणजे पुढे महिला गॉल्फमधील सर्वश्रेष्ठ खेळाडूंत गणली गेलेली मिकी राइट (१९३५–२०२०) होय. १९५५ मध्ये झहाराइअसचा आजार उलटला व २७ सप्टेंबर १९५६ रोजी तिचे निधन झाले.

१९५५ मध्ये उरुग्वायची फे क्रॉकर विजयी झाली. अमेरिकेबाहेरची ही पहिली विजेती.

जॅकी पुंगचे प्रकरण : गॉल्फमध्ये खेळाडू स्वतःचे टोले अधिकृत गुणपत्रकावर मांडीत नाही. तिच्याबरोबर खेळणारी स्पर्धक ते लिहिते. फेरी संपल्यावर खेळाडूने प्रत्येक होलासमोरचा आकडा तपासून सही करावयाची असते. एखाद्या होलासमोर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा लिहिला गेला असेल, तर तो जास्तीचा आकडाच कायम होतो. कमी लिहिला गेला असेल, तर खेळाडू बाद होते. एकूण बेरजेची जबाबदारी मात्र तिच्यावर नसते. मैदान विस्तीर्ण असल्याने प्रत्येक टोल्यावर पंचाची नजर राहू शकत नाही; त्यामुळे खेळाडूची सही हाच अंतिम पुरावा मानणे या खेळाला भाग पडते.

१९५७ मध्ये न्यूयॉर्कजवळील विंग्ड फूट येथे हवाईची जॅकी पुंग (१९२१–२०१७) हिने २९८ टोल्यांत स्पर्धा पूर्ण केली. रॉल्झचे टोले २९९ होते. पुंग एका टोल्याने जिंकली होती व तिचे अभिनंदनही चालू झाले होते. अखेरच्या फेरीत चौथ्या होलावर तिला सहा टोले लागले होते. तिच्याबरोबर खेळणाऱ्या बेट्टी जेम्सनने पाच लिहिले. पुंगनेही जेम्सनच्या बाबतीत त्याच होलावर नेमकी तीच चूक केली. फेरीची बेरीज ७२ अशी बरोबर लिहिलेली होती, म्हणजे लपवाछपवीचा प्रश्नच नव्हता. परंतु नियमाप्रमाणे दोघीही बाद झाल्या आणि विजेतेपद रॉल्झकडे गेले. ४ वर्षांपूर्वी रॉचेस्टर येथेही पुंग हिने रॉल्झबरोबर बरोबरी साधून जादा फेरीत हार पत्करली होती. विंग्ड फूट क्लबच्या सभासदांनी व इतरांनी जागच्या जागी वर्गणी गोळा करून तिला सुमारे ३,००० डॉलर दिले. विजेतीचे पारितोषिक १,८०० डॉलरचे होते, म्हणून हरलेल्या पुंगला जिंकणारीपेक्षा अधिक पैसे मिळाले. अजिंक्यपद मात्र तिला पुढेही कधी लाभले नाही. ह्या निर्णयावर त्या वेळी कडक टीका झाली. नियम निर्दय असला तरी त्याला अपवाद करणे सोपे नव्हते, असेच आज बहुतेक जाणकार मानतात.

नियमाच्या काटेकोरपणाची अशीच प्रचीती २०१६ मध्ये आली. कॅलिफोर्नियातील कॉर्डेव्हॅल येथे ब्रिटनी लँग व स्वीडनची आना नॉर्डक्विस्ट यांच्यात जादा होलांवर निर्णय चालू होता. वाळूच्या बंकरमध्ये चेंडू मारण्यापूर्वी काठी मागे नेताना नॉर्डक्विस्टच्या काठीचा वाळूच्या काही कणांना ओझरता स्पर्श झाला. तो डोळ्यांना दिसणारा नव्हता. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने जवळून घेतलेल्या चित्रातच तो आढळला. तिला दोन टोल्यांचा दंड झाला आणि लँग विजयी झाली. दंडाची वार्ता दोघींना एकाच वेळी न कळता नॉर्डक्विस्टला आधी व लँगला नंतर कळली, हाही आक्षेपाचा विषय झाला.

मिकी राइटचा काळ : १९५८ ते १९६४ या सात वर्षांत राइटने चार वेळा (१९५८, १९५९, १९६१, १९६४) ही स्पर्धा जिंकली. रॉल्झचेही चार विजय आहेत (१९५१, १९५३, १९५७, १९६०). हा दोघींचा विक्रम अद्याप मोडलेला नाही. राइटच्या फटक्याची शैली पुरुष खेळाडूही आदर्श मानीत. १९६१ मध्ये न्यू जर्सीतील बॉल्टसरॉल येथे दुसऱ्या फेरीत तिला ८० टोले लागले. पण अखेरच्या दिवशी ६९ व ७२ अशा दोन फेऱ्या खेळून ती सहा टोल्यांनी जिंकली. १९६४ चा विजय तिने आपल्या जन्मगावी सॅन डिएगो येथे मिळविला. ह्याच सुमारास स्पर्धेच्या स्वरूपात दोन बदल झाले. १९६५ पासून चार फेऱ्या चार स्वतंत्र दिवशी होऊ लागल्या व अखेरची फेरी प्रथमच देशभर दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आली.

ह्या प्रगतीतही खेळाचे दरवाजे सर्वांना सारखे उघडे नव्हते. टेनिसमधील विंबल्डन विजेती आल्थिया गिब्सन ही १९६४ मध्ये एलपीजीएची पहिली कृष्णवर्णीय सभासद झाली. परंतु अनेक क्लबांत तिला इतरांप्रमाणे वागणूक मिळत नसे.

१९६७ मध्ये व्हर्जिनियातील हॉट स्प्रिंग्ज येथे फ्रान्सची कॅत्रीन लाकोस्त ही बावीस वर्षांची हौशी खेळाडू विजयी झाली. विख्यात टेनिसपटू रने लाकोस्त व ब्रिटिश हौशी महिला अजिंक्यपद (१९२७) मिळविणारी सिमोन तियाँ द ला शोम यांची ती कन्या. वडिलांच्या वाढदिवशीच, २ जुलै रोजी, तिने हे यश संपादन केले. हौशी असल्यामुळे तिला पारितोषिकाची रक्कम घेता आली नाही आणि ती पुढेही धंदेवाईक झाली नाही. ही स्पर्धा जिंकणारी ती एकमेव हौशी खेळाडू आहे. हौशी दर्जाची किंमत किती असू शकते, हे अर्धशतकानंतर पुन्हा दिसले. २०१७ मध्ये कोरियाची सतरा वर्षांची चोई ह्ये-जिन दुसरी आली. दुसऱ्या क्रमांकाचे ५,४०,००० डॉलर तिला सोडून द्यावे लागले.

पुढील काळातील विजेत्यांत डॉना कपोनी (१९६९, १९७०), सूझी मॅक्सवेल बर्निंग (१९६८, १९७२, १९७३), जोॲन कार्नर (१९७१, १९७६) व हॉलिस स्टेसी (१९७७, १९७८, १९८४) यांचा प्रामुख्याने उल्लेख केला पाहिजे. १९८० मध्ये टेनेसीतील नॅशव्हिल येथे कडक उन्हाळ्यात एमी ॲलकॉट नऊ टोल्यांनी जिंकली. १९८७ मध्ये इंग्लंडची लॉरा डेव्हिस, १९८८ मध्ये स्वीडनची लिझलॉट न्यूमन आणि १९९५ व १९९६ मध्ये स्वीडनचीच ॲनिका सोरेनस्टाम विजयी झाल्या, तेव्हा स्पर्धेवरील अमेरिकन वर्चस्व ओसरू लागल्याचे स्पष्ट झाले. सोरेनस्टामने तिसरा विजय २००६ मध्ये मिळविला. आपल्या काळातील सर्वांत लोकप्रिय खेळाडू नॅन्सी लोपेझ हिला मात्र हे अजिंक्यपद कधीच मिळाले नाही. ती चार वेळा (१९७५, १९७७, १९८९, १९९७) दुसरी आली. १९९७ मध्ये तर तिने चारही फेऱ्या सत्तरच्या आत खेळल्या. ह्या स्पर्धेत तसे पूर्वी कोणालाच जमले नव्हते. तरीही इंग्लंडच्या ॲलिसन निकलसने तिला एका टोल्याने हरविले.

कोरियाचा उदय : १९९८ ची स्पर्धा विस्कॉन्सिन राज्यातील कोलर येथील ब्लॅकवुल्फ रन मैदानावर झाली. दक्षिण कोरियाची वीस वर्षांची पाक से-री व ड्यूक विद्यापीठातील हौशी विद्यार्थिनी जेनी चुआसिरिपॉर्न यांचे ७२ होलांनंतर सारखेच, म्हणजे २९० टोले झाले. अखेरच्या होलावर सुमारे चाळीस फुटांवरून चेंडू घालून चुआसिरिपॉर्नने ही बरोबरी साधली होती. सोमवारी १८ होलांची जादा फेरी झाली. तिच्या शेवटच्या होलावर पाकचा चेंडू तळ्याच्या उतरत्या काठावर, पाण्याच्या अगदी लगत थांबला. दंडाचा टोला घेऊन चेंडू बाहेर काढणे हा सुरक्षित मार्ग होता. पाकने बूट व मोजे काढले, ती पाण्यात उतरली आणि तेथूनच चेंडू बाहेर मारला. उन्हाने काळवंडलेल्या पोटऱ्या व मोज्यांमुळे पांढरी राहिलेली पावले यांतील फरक दूरचित्रवाणीवर साऱ्यांनी पाहिला. तिने सराव किती केला असेल याचा हिशेब त्यात होता. जादा फेरीतही दोघी ७३ वर बरोबरीत राहिल्या व पुढील दुसऱ्या होलावर, म्हणजे एकंदर विसाव्या जादा होलावर, पाकने विजय मिळविला.

दक्षिण कोरिया त्या वेळी तीव्र आर्थिक संकटातून जात होता. कारखाने बंद पडत होते, बेकारी वाढत होती. पाण्यात उतरून खेळणाऱ्या मुलीचे ते दृश्य तेथे वारंवार दाखविले गेले व त्याला एका खेळातील विजयापेक्षा मोठा अर्थ प्राप्त झाला. त्याचे क्रीडाक्षेत्रातील परिणाम दहा वर्षांनी दिसले. ते पाहून गॉल्फकडे वळलेल्या किंवा गॉल्फच पुढे चालवावे असे ठरविलेल्या मुलींची एक पिढी तयार झाली. पाक इन-बी (२००८, २०१३), जी उन-ही (२००९), र्यू सो-यॉन (२०११), चोई ना-यॉन (२०१२), चुन इन-जी (२०१५), पाक सुंग-ह्यॉन (२०१७), ली जॉंग-उन (२०१९) व किम आ-लिम (२०२०) या त्यांपैकी होत. २००५ मध्ये अखेरच्या होलावर बंकरमधून थेट चेंडू घालून जिंकणारी बर्डी किम धरून १९९८ ते २०२० या काळात कोरियाच्या दहा खेळाडूंनी अकरा वेळा ही स्पर्धा जिंकली. चोईचा २०१२ चा विजय ब्लॅकवुल्फ रनवरच झाला. पाकचा विजय दूरचित्रवाणीवर पाहिला तेव्हा ती दहा वर्षांची होती.

पाक इन-बी २००८ मध्ये जिंकली त्या वेळी तिचे वय एकोणीस वर्षे अकरा महिने होते. २०२१ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे फिलिपीन्सच्या यूका सासोने विजय मिळविला, तेव्हा तिचे वय दिवसांच्या हिशेबानेही तेवढेच भरले. त्यामुळे सर्वांत लहान विजेतीचा मान दोघींना विभागून जातो. सासोची आई फिलिपिनी व वडील जपानी. जपानी कायद्यानुसार तिने पुढे जपानचे नागरिकत्व पत्करले आणि २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथे पुन्हा विजयी झाली. फिलिपीन्स व जपान या दोन्ही देशांची पहिली विजेती अशी तिचीच नोंद झाली आहे.

कोविड–१९ च्या साथीमुळे २०२० ची स्पर्धा जूनऐवजी डिसेंबरमध्ये टेक्ससमधील ह्यूस्टन येथे प्रेक्षकांविना झाली. दिवस लहान असल्याने पहिल्या दोन फेऱ्यांसाठी दोन मैदाने वापरावी लागली. प्रथमच भाग घेणाऱ्या किम आ-लिमने तोंडावर मुखपट्टी बांधून खेळत शेवटच्या तिन्ही होलांवर पारपेक्षा एकेक टोला कमी घेतला व स्पर्धा जिंकली.

मैदाने व पारितोषिके : स्पर्धेचे ठिकाण दरवर्षी बदलते. पूर्वी बहुधा मध्यम दर्जाची मैदाने महिलांच्या वाट्यास येत. पुरुषांच्या खुल्या स्पर्धेची नामांकित मैदाने त्यांना क्वचितच मिळत. नॉर्थ कॅरोलायनातील पाइन नीडल्स हे मैदान याला वेगळ्या अर्थाने अपवाद आहे. ते पेगी कर्क बेल ह्या खेळाडूने व तिच्या कुटुंबाने जोपासले आणि तेथे ही स्पर्धा चार वेळा (१९९६, २००१, २००७, २०२२) झाली. २०१४ मध्ये पाइनहर्स्ट येथील दुसऱ्या क्रमांकाच्या मैदानावर लागोपाठच्या दोन आठवड्यांत प्रथम पुरुषांची व नंतर महिलांची खुली स्पर्धा घेण्यात आली. पुरुषांनी तुडविलेले मैदान महिलांना मिळेल, अशी शंका काहींनी व्यक्त केली होती. प्रत्यक्षात ती फारशी खरी ठरली नाही. त्या वर्षी मिशेल वी विजयी झाली. कॅलिफोर्नियातील समुद्रकाठचे पेबल बीच हे मैदान १९७२ पासून पुरुषांच्या खुल्या स्पर्धेसाठी अनेकदा वापरले गेले असले, तरी महिलांची स्पर्धा तेथे प्रथम २०२३ मध्ये झाली. हवाईची ॲलिसन कॉर्पुझ तीत विजयी झाली.

पारितोषिकांत झालेली वाढ मुख्यतः अलीकडची आहे. १९९८ मध्ये पाक से-रीला २,६७,५०० डॉलर मिळाले. २०१९ मध्ये विजेतीचे पारितोषिक प्रथमच दहा लाख डॉलरवर गेले. २०२२ मध्ये एकूण रक्कम ५५ लाखांवरून एकदम एक कोटी डॉलर करण्यात आली. त्या वर्षीच्या विजेत्या ऑस्ट्रेलियाच्या मिन्जी लीला १८ लाख डॉलर मिळाले. २७१ टोले घेऊन तिने एकूण टोल्यांचा नीचांकही प्रस्थापित केला. पारच्या तुलनेत मात्र १९९९ मध्ये ज्यूली इंक्स्टरने साधलेला सोळा टोल्यांचा फरक अद्याप सर्वाधिक आहे. २०२४ मध्ये महिलांची एकूण पारितोषिके १ कोटी २० लाख डॉलरची व विजेतीचे २४ लाखांचे होते. पुरुषांच्या खुल्या स्पर्धेत हेच आकडे अनुक्रमे २ कोटी १५ लाख व ४३ लाख असे होते. म्हणजे १९५३ मध्ये होगनच्या पाच डॉलरमागे रॉल्झला दोन मिळत होते, तेथे सत्तर वर्षांनंतर हे प्रमाण पाचास पावणेतीनाच्या आसपास आले आहे. रक्कम कितीतरी पटींनी वाढली. अंतर थोडेच कमी झाले. दूरचित्रवाणीचे उत्पन्न व पुरस्कर्त्यांच्या देणग्या पुरुषांच्या स्पर्धेकडे अधिक वळतात, हे त्याचे कारण सांगितले जाते. तथापि ज्या स्पर्धेचे प्रक्षेपण अपुरे, तिचे उत्पन्नही अपुरेच राहणार, हा खेळाडूंचा युक्तिवाद डावलता येण्यासारखा नाही.

बरोबरी झाल्यास निर्णय करण्याची पद्धतही बदलत गेली. २००६ पर्यंत दुसऱ्या दिवशी संपूर्ण १८ होलांची जादा फेरी होत असे. २००३ मध्ये पात्रता फेरीतून आलेल्या हिलरी लंकीने अशाच फेरीत अँजेला स्टॅनफर्ड व केली रॉबिन्स यांना हरविले. तिच्या कारकीर्दीतील एलपीजीएचा हा एकमेव विजय. २००७ पासून तीन होलांची व २०१८ पासून दोन होलांची बेरीज विचारात घेतली जाते. त्यानंतरही बरोबरी राहिल्यास जी आधी एक होल जिंकेल ती विजेती ठरते. २०१८ मध्ये अलाबामातील शोल क्रीक येथे थायलंडच्या आरिया जुटानुगार्नने शेवटच्या नऊ होलांत सात टोल्यांची आघाडी गमावली, पण चौथ्या जादा होलावर किम ह्यो-जू हिचा पराभव करून ती आपल्या देशाची पहिली विजेती झाली. २०२५ ची स्पर्धा विस्कॉन्सिनमधील एरिन हिल्स येथे स्वीडनच्या माया स्टार्कने दोन टोल्यांनी जिंकली.

भारतीय खेळाडूंपैकी बंगलोरच्या अदिती अशोक (१९९८– ) हिने या स्पर्धेत भाग घेतला आहे. २०१६ मध्ये तिने गुडगाव येथे महिलांची भारतीय खुली स्पर्धा जिंकली आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळविला. तेथे तिचे कांस्यपदक एका टोल्याने हुकले.